बल आणि गतीची गणितं: सूत्र शोधण्याआधी काय करायचं

प्रश्न थोडक्यात असा आहे: न्यूटनचे तिन्ही नियम येतात, गतीची समीकरणं पाठ आहेत, सोडवलेलं उदाहरण वाचलं की प्रत्येक ओळ पटते, पण नवं गणित समोर आलं की पहिली ओळ काय लिहायची तेच सुचत नाही. मग दिलेल्या आकड्यांना कुठलं सूत्र बसतं याची शोधाशोध सुरू होते आणि बऱ्याचदा उत्तर चुकतं. हे सुधारायचं कसं?

मी बरीच वर्षं हा विषय शिकवतो आहे. माझ्या मते ती शोधाशोध हीच मूळ अडचण आहे. या भागात सूत्रं अशी फार नाहीतच. एका छोट्या चिठ्ठीवर मावतील एवढी. गाडी अडते ती सूत्राच्या आधी. आपण नेमकं कोणत्या वस्तूबद्दल बोलतोय आणि त्या वस्तूला कोण कोण ओढतंय, ढकलतंय, हेच ठरवलेलं नसतं. ते एकदा ठरलं की समीकरण लिहिणं हे जवळपास लेखनिकाचं काम उरतं.

याविषयी एक जुना पण फार उपयोगी अभ्यास आहे. १९८१ साली मिशेलीन ची, पॉल फेल्टोविच आणि रॉबर्ट ग्लेसर यांनी काही जणांना भौतिकशास्त्राची गणितं देऊन त्यांचे गट पाडायला सांगितलं. नवशिक्या विद्यार्थ्यांनी गट पाडले ते दिसण्यावरून: उताराची गणितं एकीकडे, स्प्रिंगची दुसरीकडे, कप्पीची तिसरीकडे. विषयात मुरलेल्यांनी गट पाडले ते तत्त्वावरून: इथे दुसरा नियम (एकूण बल = वस्तुमान × त्वरण; त्वरण म्हणजे वेग बदलण्याचा दर) लागतो, इथे ऊर्जेची अक्षय्यता लागते. म्हणजे 'उतारावरच्या ठोकळ्याचं गणित' असा काही प्रकार नसतो. उतार ही फक्त जागा आहे. हे मनात पक्कं बसलं की प्रत्येक नवं चित्र पाहून 'हे आम्हाला शिकवलंच नाही' असं वाटणं बंद होतं.

तर पहिली ओळ. कागदावर लिहा: 'वस्तू: अमुक.' खरोखर लिहा, मनात म्हणू नका. दोन ठोकळे आणि एक दोरी असेल तर आत्ता मी कोणता ठोकळा घेतलाय? की दोन्ही मिळून एक वस्तू धरलीय? दोन्ही चालतं, पण मध्येच बदललं तर चालत नाही. मग त्या वस्तूचं एकटीचं चित्र काढा. टेबल नाही, दोरी नाही, उतार नाही; फक्त ती वस्तू आणि तिच्यावरचे बाण. यालाच फ्री बॉडी डायग्राम म्हणतात. मूळ चित्रावरच बाण काढायचा मोह टाळा. तिथे टेबलावरचा बाण आणि ठोकळ्यावरचा बाण एकमेकांत मिसळतात आणि पुढचं सगळं घसरतं.

बाण कोणते काढायचे? यासाठी मी एकच कसोटी वापरतो, आणि ती काटेकोरपणे वापरली तर सहसा दगा देत नाही: प्रत्येक बाणाला देणारा असला पाहिजे. 'हे बल या वस्तूवर कोण लावतंय?' याचं उत्तर नामात देता आलं पाहिजे. पृथ्वी, टेबल, दोरी, हात, हवा. सुरुवातीच्या गणितांत दुरून काम करणारी गोष्ट सहसा एकच, ती म्हणजे पृथ्वी. बाकी सगळे देणारे वस्तूला प्रत्यक्ष चिकटलेले असतात. म्हणून वस्तूच्या कडेने बोट फिरवा. जिथे जिथे दुसरं काही टेकलंय तिथे बल असू शकतं. जिथे काही टेकलेलं नाही तिथे बाण नाही.

वर उडवलेल्या नाण्याचं उदाहरण घ्या. नाणं हातातून सुटलंय आणि अजून वर चाललंय. त्याच्यावर कोणती बलं आहेत? जॉन क्लेमेंट यांनी १९८२ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना हा प्रश्न विचारला होता, आणि त्यातल्या बहुतेकांनी वरच्या दिशेने एक जास्तीचा बाण काढला होता: 'हाताने दिलेलं बल.' कसोटी लावा. हे बल आत्ता कोण देतंय? हात तर केव्हाच सुटलाय. म्हणजे बाण नाही. हवेचा विरोध सोडून दिला तर नाण्यावर एकच बल आहे, पृथ्वीचं, खाली. नाण्याकडे आहे तो वेग. वेग हा वस्तूचा असतो, बल हे दुसऱ्या कुणीतरी लावावं लागतं. वेग टिकवायला बल लागत नाही, वेग बदलायला लागतं. पहिला नियम सगळ्यांना तोंडपाठ असतो, पण चित्र काढताना हात मात्र वेगाच्या दिशेने बाण ओढतो. वेग दाखवायचाच असेल तर चित्राच्या बाहेर, वेगळ्या रंगात दाखवा.

आता बाणांची किंमत. इथे एक सवय अगदी लवकर मोडायला हवी: पृष्ठभागाचं लंब बल, ज्याला वर्गात सगळे नॉर्मल म्हणतात, ते म्हणजे वजन असं गृहीत धरण्याची. नॉर्मलला स्वतःचं ठराविक सूत्र नाही. वस्तू पृष्ठभागात घुसू नये यासाठी जेवढं लागेल तेवढं बल पृष्ठभाग देतो. म्हणून ते नेहमी समीकरणातून काढायचं, आधी ठरवून टाकायचं नाही.

एक गणित सावकाश करू. सपाट जमिनीवर १० किलोची पेटी आहे. तिला दोरीने ५० न्यूटन बलाने ओढतोय. दोरी आडव्या दिशेशी ३७° वर कललेली. सरकताना पेटी आणि जमिनीतला घर्षणांक, म्हणजे घर्षण नॉर्मलच्या किती पट ते, ०.२. त्वरण किती? (साइन ३७° सुमारे ०.६, कोसाइन ३७° सुमारे ०.८ धरू.)

वस्तू: पेटी. तिला टेकलंय काय? जमीन आणि दोरी. शिवाय पृथ्वी. पृथ्वीचा बाण खाली, वस्तुमान गुणिले गुरुत्वत्वरण: १० × ९.८ = ९८ न्यूटन. दोरीचा तिरका, ५० न्यूटन. जमीन एकच आहे, पण तिचे दोन बाण काढायचे: लंब दिशेने वर नॉर्मल, आणि पृष्ठभागाला समांतर, मागे, घर्षण. दोरीचे घटक पाडले की आडवा ४० आणि उभा ३०. पेटी जमिनीवरून उचलली जात नाही आणि आतही जात नाही, म्हणजे उभ्या दिशेने त्वरण शून्य: नॉर्मल + ३० = ९८, म्हणून नॉर्मल ६८ न्यूटन. घर्षण ०.२ × ६८ = १३.६. आडव्या दिशेने: ४० − १३.६ = १० × त्वरण. त्वरण २.६४ मीटर प्रति सेकंद वर्ग.

ज्याने नॉर्मल म्हणजे ९८ असं डोळे झाकून धरलं, त्याचं घर्षण येईल १९.६ आणि त्वरण २.०४. उत्तर दिसायला अगदी व्यवस्थित, पण चूक. आता हेच बल त्याच कोनात, पण मागून खाली ढकलत लावा. दोरीऐवजी दांडा. आडवा घटक तोच, ४०. उभा घटक आता खाली ३०, म्हणून नॉर्मल १२८, घर्षण २५.६ आणि त्वरण १.४४. तेवढंच बल, तोच कोन, तीच पेटी. फक्त ओढण्याऐवजी ढकललं तर त्वरण जवळपास निम्म्यावर येतं. जड सामान सरकवताना ओढणं सोपं का जातं याचा हिशेब इथे मिळतो, आणि तो सगळा हिशेब नॉर्मलमध्ये दडलेला आहे.

घर्षणाचंही असंच आहे, त्यातही वस्तू स्थिर असतानाचं. सपाट जमिनीवर ५ किलोचं खोकं आहे, स्थितिक घर्षणांक ०.४, आणि तुम्ही त्याला १२ न्यूटनने आडवं ढकलताय. घर्षण किती? ०.४ × ४९ = १९.६ असं उत्तर वर्गात हमखास येतं. मग खोक्यावर पुढे १२ आणि मागे १९.६, म्हणजे ढकललेलं खोकं आपल्याच अंगावर येईल! घर्षणांक गुणिले नॉर्मल ही स्थितिक घर्षणाची कमाल मर्यादा आहे, त्याची किंमत नव्हे. खोकं हलत नाही, म्हणून घर्षण १२ न्यूटन. ५ न्यूटनने ढकललंत तर ५. ढकललंच नाही तर शून्य. त्यामुळे अशा गणितात आधी विचारायचं: ही वस्तू जागची हलते का? त्यासाठी ती हलत नाही असं धरा, स्थिर राहायला किती घर्षण लागेल ते काढा, आणि ते मर्यादेत बसतं का पाहा. बसलं तर तेच उत्तर. नाही बसलं तर वस्तू सरकली, आता गतिक घर्षण वापरा.

घर्षण नेहमी गतीच्या उलट असतं हेही अर्धवट सत्य आहे. ते उलट असतं ते दोन पृष्ठभागांच्या एकमेकांवरून घसरण्याच्या, किंवा घसरू पाहण्याच्या. ट्रक वेग घेतोय आणि मागच्या हौद्यात ठेवलेली पेटी त्याच्यासोबत वेग घेतेय. पेटीला आडवं ढकलणारं दुसरं कोणी आहे का? बोट फिरवून पाहा: टेकलेला आहे तो फक्त हौदा. म्हणजे पेटीला पुढे नेणारं बल घर्षणच आहे, आणि ते गतीच्या दिशेनेच आहे. चालताना जमीन आपल्या पायांना पुढे ढकलते तीही घर्षणानेच.

आता दोरी आणि कप्पी. टेबल गुळगुळीत, त्यावर ३ किलोचा ठोकळा, त्याला बांधलेली दोरी टेबलाच्या कडेच्या हलक्या कप्पीवरून खाली जाते आणि तिला २ किलोचा ठोकळा टांगलेला. दोरीतला ताण किती? घाईत येणारं उत्तर: २ × ९.८ = १९.६ न्यूटन, 'कारण दोरीने तेवढं वजन धरलंय.' पण टांगलेल्या ठोकळ्याचं एकट्याचं चित्र काढा. खाली १९.६, वर ताण. दोन्ही सारखे असते तर त्याचं त्वरण शून्य आलं असतं, आणि तो तर वेग घेत खाली चाललाय. म्हणजे ताण १९.६ पेक्षा कमीच असायला हवा. हे एकही गणित न करता कळलं. अशी गोष्ट हाती लागली की ती कागदाच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी, शेवटी उत्तर तपासायला कामी येते.

टेबलावरच्या ठोकळ्यासाठी: ताण = ३ × त्वरण. टांगलेल्यासाठी: १९.६ − ताण = २ × त्वरण. दोरी ताणली जात नाही, म्हणून दोघांच्या त्वरणाची किंमत एकच. कप्पी हलकी आणि घर्षण नसलेली, म्हणून दोन्ही बाजूंचा ताण एकच. ही दोन वाक्यं लोक गाळतात, आणि मग 'दोन समीकरणं, अज्ञात राशी मात्र चार' असं होऊन बसतं. बेरीज केली की त्वरण १९.६ ÷ ५ = ३.९२, ताण ३ × ३.९२ = ११.७६ न्यूटन. १९.६ पेक्षा कमी, ठीक. एक कप्पी हलती असेल तर मात्र 'त्वरण एकच' हे वाक्य खोटं ठरतं. तिथे दोरीची एकूण लांबी लिहून कोण किती सरकतं ते बघावं लागतं.

याचीच बहीण शोभेल अशी, टेबल काढून कप्पीच्या दोन्ही बाजूंना वजनं टांगण्याची रचना जॉर्ज ॲटवुड यांनी अठराव्या शतकात प्रयोगासाठी वापरली आणि १७८४ साली तिचं वर्णन छापलं. मुक्त पडणारी वस्तू इतक्या चटकन खाली येते की त्या काळच्या साधनांनी वेळ मोजणं अवघड. दोन्ही बाजूंना जवळजवळ सारखी वस्तुमानं ठेवली की त्वरण हवं तेवढं कमी करता येतं. गॅलिलिओने त्याआधी हाच हेतू उताराचा वापर करून साधला होता. म्हणजे पुस्तकातला उतार आणि कप्पी विद्यार्थ्यांना छळायला आणलेल्या नाहीत. पडणं मोजता यावं म्हणून ते संथ करण्याच्या या युक्त्या होत्या.

तिसऱ्या नियमाबद्दल (प्रत्येक क्रियेला तेवढीच, उलट दिशेची प्रतिक्रिया असते) एवढंच सांगतो. टेबलावर पुस्तक ठेवलंय. पृथ्वी त्याला खाली ओढते, टेबल वर ढकलतं, दोन्ही बलं सारखी. ही क्रिया-प्रतिक्रियेची जोडी आहे का? नाही. ते टेबल लिफ्टमध्ये ठेवा आणि लिफ्ट वर वेग घेऊ द्या: टेबलाचं बल वाढतं, पृथ्वीचं तेवढंच राहतं. तिसऱ्या नियमाची जोडी अशी कधीच फुटत नाही. खरी जोडी ओळखायला देणारा आणि घेणारा यांची अदलाबदल करा. 'पृथ्वी पुस्तकाला ओढते' याची जोडी 'पुस्तक पृथ्वीला ओढतं'. 'टेबल पुस्तकाला ढकलतं' याची जोडी 'पुस्तक टेबलाला ढकलतं'. जोडीतली दोन बलं नेहमी दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून ती एका चित्रात एकत्र येऊच शकत नाहीत आणि एकमेकांना रद्दही करत नाहीत. एका वस्तूच्या चित्रात जोडी दिसली की समजा, कुठला तरी बाण चुकीच्या जागी आलाय.

लिफ्टचा विषय निघालाच आहे तर तोही पाहू, कारण इथे दिशांचा घोळ सगळ्यात स्पष्ट दिसतो. ६० किलोची व्यक्ती लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभी आहे. लिफ्ट थांबलेली असताना, किंवा एकसमान वेगाने वर किंवा खाली जात असताना, काटा तिला ५८८ न्यूटनने वर ढकलतो. लिफ्ट वर जाताना २ मीटर प्रति सेकंद वर्गाने वेग वाढवतेय तर ६० × (९.८ + २) = ७०८. आता लिफ्ट खाली येतेय आणि त्याच प्रमाणात वेग कमी करत थांबतेय, तर? पुष्कळ जण 'खाली' हा शब्द वाचून २ वजा करतात आणि ४६८ लिहितात. पण खाली जाणारा वेग कमी होतोय म्हणजे त्वरण वरच्या दिशेने आहे. उत्तर पुन्हा ७०८. दुसऱ्या नियमात वेग नाही. त्यात आहे त्वरण. लिफ्ट कुठे चाललीय याने फरक पडत नाही, तिचा वेग कोणत्या बाजूला बदलतोय याने पडतो.

यावरून चिन्हांकडे येतो. धन दिशा कोणती ते गणिताच्या सुरुवातीला एकदाच ठरवा, चित्रात बाण काढून दाखवा, आणि शेवटपर्यंत तीच पाळा. 'वर जाताना उणे, खाली येताना अधिक' असं मध्ये बदलू नका. याचं एक गणित मला फार आवडतं, कारण ते चिन्हांवर विश्वास ठेवायला शिकवतं.

१९.६ मीटर उंच गच्चीच्या कडेवरून चेंडू सरळ वर १४.७ मीटर प्रति सेकंद वेगाने फेकला. जमिनीवर पोचायला किती वेळ लागेल? बहुतेक जण तुकडे पाडतात: आधी वर जायचा वेळ, मग कमाल उंची, मग तिथून खाली पडायचा वेळ. उत्तर येतं, पण तुकडे पाडायची गरज नाही. चेंडूवरच्या बाणांची यादी पूर्ण प्रवासात तीच आहे: पृथ्वी, खाली, बस्स. सर्वोच्च बिंदूवरसुद्धा तीच. तिथे वेग क्षणभर शून्य होतो, त्वरण नाही. त्वरणही शून्य असतं तर चेंडू तिथेच लटकून राहिला असता. म्हणून एकच समीकरण. वरची दिशा धन, आरंभबिंदू गच्ची. जमिनीवर पोचताना विस्थापन −१९.६:

−१९.६ = १४.७ × वेळ − ४.९ × वेळ²

४.९ ने भागलं की वेळ² − ३ × वेळ − ४ = ०. उत्तरं ४ आणि −१. चेंडू ४ सेकंदांनी जमिनीवर पोचतो, आणि तेव्हा त्याचा वेग १४.७ − ९.८ × ४ = −२४.५, म्हणजे खाली २४.५ मीटर प्रति सेकंद.

ते −१ बहुतेक वेळा 'वेळ ऋण नसतो' म्हणून खोडलं जातं. खोडा, पण आधी त्याच्याकडे एकदा नीट बघा. समीकरणाला चेंडू गच्चीवरून फेकला हे माहीतच नाही. त्याला एवढंच माहीत आहे की शून्य सेकंदाला चेंडू इथे होता, वेग एवढा होता आणि त्वरण खाली ९.८. ते सांगतंय, असा चेंडू एक सेकंद आधी जमिनीवर असू शकला असता. तेव्हा त्याचा वेग किती? १४.७ + ९.८ = २४.५, वरच्या दिशेने. जमिनीवरून २४.५ ने फेकलेला चेंडू एका सेकंदाने गच्चीजवळून १४.७ वेगाने वर जातो, आणि परत खाली येऊन पुन्हा २४.५ नेच आपटतो. नकोसं वाटलेलं मूळ तुमच्या उत्तराला साक्ष देतंय. हे पहिल्यांदा दिसतं तेव्हा वर्गात चेहरे उजळतात, आणि तो क्षण मला दर वर्षी तितकाच आवडतो.

मग तुकडे पाडायचे तरी कधी? बाणांची यादी किंवा एखाद्या बाणाची दिशा, किंमत बदलते तेव्हा. स्थिर त्वरणाची समीकरणं तेवढ्याच पट्ट्यात खरी असतात. ३०° च्या उतारावर खालून ६ मीटर प्रति सेकंदाने वर ढकलून सोडलेला ठोकळा घ्या, गतिक घर्षणांक ०.३. वर जाताना घर्षण उताराच्या खालच्या दिशेने, म्हणजे गुरुत्वाच्या घटकाच्या जोडीला. खाली येताना ते वरच्या दिशेने, त्याच्या विरोधात. अक्ष उताराला समांतर आणि लंब घेतले की वस्तुमान दोन्ही बाजूंनी कटतं. वर जाताना मंदन ९.८ × (०.५ + ०.३ × ०.८६६) = सुमारे ७.४५, खाली येताना त्वरण ९.८ × (०.५ − ०.३ × ०.८६६) = सुमारे २.३५. ठोकळा ३६ ÷ (२ × ७.४५), म्हणजे सुमारे २.४ मीटर वर जातो. त्याला लागतात साधारण ०.८ सेकंद, परत यायला साधारण १.४. तळाशी वेग उरतो ३.४ च्या आसपास. चेंडूसारखं एकाच समीकरणात बसवायला गेलात तर परतीचा वेग पुन्हा ६ येईल आणि घर्षण जणू नव्हतंच असं उत्तर मिळेल. शिवाय मध्ये एक प्रश्न दडलाय: वर थांबल्यावर तो खाली येईलच कशावरून? स्थितिक घर्षणांक टॅन ३०°, म्हणजे सुमारे ०.५८ किंवा त्याहून जास्त असेल तर ठोकळा तिथेच बसून राहील.

वर्तुळाकार गतीत नवीन काही नाही, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. ५० मीटर त्रिज्येच्या सपाट वळणावर मोटार वळतेय. बाण: पृथ्वी, रस्त्याचं नॉर्मल, रस्त्याचं घर्षण. 'अभिकेंद्री बल' असा चौथा बाण काढू नका. त्याला देणारा कोण? केंद्राकडे जाणारी जी काही एकूण बेरीज येते तिचं ते नाव आहे, आणि इथे ती बेरीज म्हणजे घर्षण. घर्षणांक ०.५ असेल तर कमाल वेगाचा वर्ग ०.५ × ९.८ × ५० = २४५, वेग सुमारे १५.७ मीटर प्रति सेकंद, म्हणजे ताशी ५६ किलोमीटर. वस्तुमान इथेही कटलं. बाहेर फेकणारा बाणसुद्धा जमिनीवरून पाहणाऱ्याच्या चित्रात नसतो. घर्षण संपलं तर मोटार स्पर्शरेषेच्या दिशेने सरळ जाईल.

वस्तुमान कटण्याचा उल्लेख दोनदा आला, म्हणून सांगतो: आकडे शेवटपर्यंत घालू नका. अक्षरांत सोडवा. पहिल्या ओळीतच ९.८ ने गुणत सुटलात तर काय कटलं, उत्तर कशावर अवलंबून आहे, हे दिसत नाही, आणि चूक शोधायला जागाच उरत नाही. अक्षरांत उत्तर असलं की त्याला टोकाला नेऊन तपासता येतं. गुळगुळीत उताराचा कोन शून्य केला तर त्वरण शून्य येतं का? ९०° केला तर ९.८ येतं का? टेबल-कप्पीच्या गणितात टांगलेलं वस्तुमान प्रचंड केलं तर त्वरण ९.८ च्या जवळ जातं का? साइनच्या जागी कोसाइन पडलेला असेल तर पहिल्याच प्रश्नात पकडला जातो. एककं तपासणं तर आहेच.

सरावाबद्दल. गणितांची संख्या वाढवण्यापेक्षा एक सोडवलेलं गणित हातात धरून त्यातली एक गोष्ट बदलणं जास्त शिकवतं. मघाचं टेबल-कप्पीचं घ्या आणि टेबल खडबडीत करा, स्थितिक घर्षणांक ०.८. पुढचं वाचण्याआधी कागदावर करून पाहा. स्थिर राहायला दोरीने टेबलावरच्या ठोकळ्याला ओढलेलं १९.६ न्यूटन घर्षणाने पेलायला हवं. मर्यादा ०.८ × २९.४ = सुमारे २३.५. बसतं, म्हणून काहीच हलत नाही. घर्षण १९.६ न्यूटन, २३.५ नव्हे. आणि ताण आता खरोखर १९.६ न्यूटन आहे, कारण टांगलेल्या ठोकळ्याचं त्वरण या वेळी शून्य आहे.